लाइन मिळत नाही

सुहासिनीबाईंनी टेबलावरच्या माइकवर नखाने टकटक केली आणि समोरच्या टीव्हीकडे पाहिलं. पडद्याच्या खालच्या कडेला काळी पट्टी आली होती. पट्टीत काही नव्हतं.

"तपासणी," त्या म्हणाल्या. "तपासणी. सांबारवडी. यवतमाळ."

पट्टी कोरीच राहिली.

स्वयंपाकघरातून त्यांच्या नातीने, स्पृहाने, मान बाहेर काढली. हाताला बेसन लागलेलं. तिने भुवया उंचावून विचारलं, आजीने मान हलवून नाही म्हटलं, आणि ती पुन्हा आत गेली. या घरात खुणांनी बोलायची सवय सगळ्यांनाच लागली होती.

ती पट्टी स्पृहानेच दोन वर्षांपूर्वी आजोबांसाठी बसवली होती. खोलीत कोणी काही बोललं की टेबलावरचा माइक ते ऐकायचा, टीव्हीखालच्या कॉम्प्युटरला सांगायचा, आणि बोललेलं सारं मराठीत पडद्याच्या तळाशी उमटायचं. चंद्रशेखररावांना ऐकू येत नसे, पण पट्टी आल्यापासून ते पुन्हा घरात बोलू लागले होते. कोणी जेवायला हाक मारली तरी ते आधी पट्टी वाचत आणि मग "आलो" म्हणत. पट्टीला वऱ्हाडी कळत नसे, म्हणून घरातले सगळे तिच्यासमोर पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायला शिकले होते.

बुधवारी रात्री कॉम्प्युटरने आपला आपण अपडेट घेतला. गुरुवारी सकाळपासून पट्टी मुकी झाली. आज रविवार होता आणि चार वाजता आर्णीहून पाहुणे यायचे होते.

फोन वाजला. नागपूरहून अभिषेक, त्यांचा मुलगा आणि स्पृहाचा बाबा. सकाळपासूनचा हा कितवा फोन होता ते त्यांनी मोजलं नव्हतं. त्याने विचारलं, बंद करून चालू केलं का. केलं. माइकला परवानगी आहे का. आहे. भाषा? भाषा अपडेटने इंग्रजी करून ठेवली होती, ती त्यांनीच सकाळी शोधून मराठी केली होती. अपडेट मागे घेता येतो का पाहिलं? येत नाही, स्पृहाने पाहिलं.

"मग आई, तू आता काही दाबू नकोस. मी पुढच्या शनिवारी येतो तेव्हा बघतो."

"मी दाबायला घाबरले असते तर अर्ध्या जिल्ह्याचं बोलणं बंद पडलं असतं," सुहासिनीबाई म्हणाल्या. "ठेव फोन. मला काम आहे."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि चष्मा पुसला.

त्या यवतमाळच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक बोर्डावर. लग्नाआधी लागल्या आणि बोर्ड मोडीत निघेपर्यंत राहिल्या. नेर, आर्णी, दारव्हा, दिग्रस, सगळ्यांचे कॉल त्यांच्या हातातल्या दोऱ्यांनी जोडले जायचे. कापसाचा मोसम आला की व्यापाऱ्यांच्या कॉलमुळे बोर्डावरचे दिवे दिवाळीसारखे पेटत. कोण कोणाशी भांडतं, कोणाच्या घरी मूल झालं, कोणाचा भाऊ मुंबईत सापडत नाही, सगळं त्यांच्या कानावरून गेलं. पण बोर्डाचा एक धर्म होता. लाइन लागली का एवढंच ऐकायचं, पलीकडून पहिला शब्द आला की ऐकायची चावी सोडायची. आणि कानावर आलेलं तोंडावर येऊ द्यायचं नाही.

लाइन बंद पडली की लाइनमन गोपाल सायकल काढायचा. तो कधी घाई करत नसे. म्हणायचा, "बाई, फॉल्ट पळून जात नसते. आपणच उगा तिच्या मांगं धावतो." तो सरळ अर्ध्या वाटेवरच्या खांबावर चढायचा आणि तिथून एक्स्चेंजला आवाज द्यायचा. आवाज आला तर बिघाड पुढच्या अर्ध्यात. नाही आला तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा. असं करत करत तो बिघाडाला एका खांबावर आणून उभा करायचा.

सुहासिनीबाईंनी तेच करायचं ठरवलं. कॉम्प्युटरवर आवाज टेप करायची सोय होती. त्यांनी ती लावली, माइकसमोर रामरक्षा म्हटली आणि परत वाजवून ऐकली. रक्षा नव्हती. सळसळ होती, कापडावर कापड घासल्यासारखी.

म्हणजे पट्टीचा दोष नाही. पट्टीपर्यंत आवाजच जात नाही.

त्यांनी माइकची वायर काढून स्पृहाच्या लॅपटॉपला लावली. तिथे त्यांचा आवाज स्वच्छ वाजला. म्हणजे माइकचाही दोष नाही. त्यांना बरं वाटलं. बिघाड आता मधल्या एका खांबावर आला होता. माइक बोलतो आहे, पट्टी ऐकायला तयार आहे, आणि मधला कॉम्प्युटर दुसरीकडेच कान लावून बसला आहे.

त्यांनी वायर परत जागेवर लावली. मग त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं.

पट्टी लागणं आज नुसतं सोयीचं नव्हतं.

चंद्रशेखरराव उभा जन्म दिवाणी कोर्टात वकील होते. एके दिवशी न्यायाधीशांनी विचारलेलं त्यांना ऐकू आलं नाही आणि त्यांनी भलतंच उत्तर दिलं. कोर्टात कोणी हसलं. त्या संध्याकाळी त्यांनी काळा कोट खुंटीला लावला तो पुन्हा काढला नाही. गावात सांगितलं, गुडघे गेले. घरात सांगितलं, माझ्या कानांची गोष्ट या उंबऱ्याबाहेर जाणार नाही. सुहासिनीबाईंकडून आणि स्पृहाकडून त्यांनी हातावर हात घेऊन कबूल करून घेतलं होतं. अभिषेकने नागपूरहून कानातलं महागडं यंत्र आणून दिलं, तेही त्यांनी दोन दिवसांत काढून टाकलं. म्हणाले, हे ऐकणं नाही, हे भांडी घासणं आहे. चारचौघांत गेले की ते हसून मान हलवत. मान हलवून भागणार नाही असं दिसलं की तिथून निघून जात.

आणि तसंच ते मागच्या हिवाळ्यात एका लग्नात राजकुमार राठोडांसमोरून निघून गेले होते.

राजकुमार हे रोशनचे वडील. आर्णीजवळच्या बंजारा तांड्यात त्यांची शेती. रोशनचं आर्णीत ठिबक सिंचनाचं दुकान होतं. स्पृहा त्याच तालुक्यात जनावरांची डॉक्टर. तिची आणि रोशनची ओळख एका अडलेल्या म्हशीच्या गोठ्यात झाली आणि पुढे दोघांनी लग्न करायचं ठरवलं. अभिषेकला आणि सुनेला मुलगा पसंत होता. पण त्या लग्नाच्या मांडवात राजकुमार दोन्ही हात जोडून पुढे आले, "रामराम वकीलसाहेब" म्हणाले, आणि वकीलसाहेबांनी त्यांच्याकडे सरळ पाहून तोंड फिरवलं. बाजूला तांड्यातलीच माणसं उभी होती.

राजकुमारांनी घरी जाऊन सांगितलं, ज्यानं आपला रामराम घेतला नाही त्याच्या दारी गूळ घेऊन जाणार नाही. तांड्यात सोयरीक ठरते ती दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी समोरासमोर बसून गूळ खाल्ला म्हणजे. कागद नंतर, हॉल नंतर. वडीलधाऱ्याचा शब्द नाही तर गूळ नाही. रोशन स्पृहासाठी घरात सहा महिने भांडला. शेवटी त्याची आजी, हंसाबाई, म्हणाली, एकदा जाऊन पाहू. गूळ मी पदराखाली ठेवीन. म्हाताऱ्यानं पुन्हा तोंड फिरवलं तर तसाच परत आणीन.

हे सगळं स्पृहाने येऊन आजीला सांगितलं होतं. आजोबांना ऐकू येत नाही म्हणून तसं झालं, एवढं एक वाक्य बाहेर सांगितलं असतं तर प्रश्न मिटत होता, पण दोघींनी शब्द दिलेला होता. स्पृहा म्हणाली होती, "आजी, मी रोशनलाही नाही सांगितलं. फक्त म्हटलं, माझे आजोबा तसे नाहीत. त्याचा माझ्यावर विश्वास आहे. त्याच्या बाबांचा काहून असेल?"

म्हणून हा बेत. पाहुण्यांना टीव्हीखालच्या सोफ्यावर बसवायचं, त्यांची पाठ पडद्याकडे. समोरच्या दिवाणावर आजोबा. पाहुणे बोलतील, त्यांच्या डोक्यावरच्या पट्टीत आजोबा वाचतील आणि उत्तर देतील. बेत खुद्द चंद्रशेखररावांचा होता. वकिलाचा बेत, कुठे भोक नव्हतं. फक्त पट्टी हवी होती.

स्पृहा हात धुऊन बाहेर आली. दही आणायला चौकात जाते म्हणाली. चप्पल घालता घालता तिने आजोबांच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं, मग कोऱ्या पट्टीकडे.

"नाही लागली तर?"

"मी बोर्डावर असताना 'नाही लागली' कोणी म्हटलं नाही," सुहासिनीबाई म्हणाल्या. "उशिरा लागली असं म्हणायचे. जा, दही आंबट आणू नकोस."

ती गेली. घर शांत झालं. सुहासिनीबाईंनी कॉम्प्युटरवर आवाजाचं पान उघडलं. अपडेटने ते पान हलवून दुसरीकडे नेलं होतं. शेजारणीने मसाल्याचे डबे जागा बदलून ठेवावेत तसं. त्या एकेक डबा उघडत गेल्या आणि शेवटी हवी ती जागा सापडली. कॉम्प्युटर कुठून ऐकतो आहे, ते तिथे लिहिलेलं होतं.

दोन नावं होती. एक टेबलावरच्या माइकचं. दुसरं लांबलचक, इंग्रजी अक्षरं आणि आकडे. खूण दुसऱ्या नावासमोर होती.

हे नाव कुठेतरी पाहिलं आहे असं त्यांना वाटलं. माऊस हातात धरून त्या आठवत राहिल्या आणि तेवढ्यात पडद्यावर हालचाल झाली.

पट्टीत शब्द आले होते.

*नमस्कार. बसा.*

सुहासिनीबाईंनी मागे वळून पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. त्या काही बोलल्या नव्हत्या.

*नमस्कार. बसा. प्रवास ठीक झाला ना.*

थोडा वेळ पट्टी थांबली. मग,

*मला जरा कमी*

आणि पुढे काही नाही.

आता त्यांना नाव आठवलं. अभिषेकने आणलेल्या यंत्राच्या पांढऱ्या डबीवर ते कोरलेलं होतं. डबी कपाटाच्या खणात होती, वर्षभर कोणी हात लावला नव्हता. म्हणजे हात लावला होता. पाहुणे येणार हे ठरलं त्या दिवसापासून चंद्रशेखरराव खोलीचं दार लावून बसत होते. सुहासिनीबाईंना वाटलं होतं, चिडले असतील. ते यंत्र कानात घालून सवय करत होते. आणि बाहेर यायचं झालं की कोणाला दिसू नये म्हणून डबीत न ठेवता उशीखाली सारत होते, तसंच चालू. यंत्रातही बिनतारी माइक होता, आणि नव्या अपडेटला घरात नवा माइक दिसला, की तो जुना सोडून त्याच्याकडे वळायचा. गुरुवारपासून हा कॉम्प्युटर चंद्रशेखररावांच्या उशीखाली कान लावून बसला होता.

बिघाड खांबावर उभा होता. एक खूण काढायची आणि दुसरीकडे लावायची, एवढंच काम.

*मला ऐकू कमी येतं,* पट्टी म्हणाली. *गेली काही वर्षं.*

दाराआडून आवाज येत नव्हता. यंत्र घातलेल्या माणसाला स्वतःचाच आवाज दचकवतो, तो हळू बोलतो.

*मागे लग्नात तुम्ही रामराम केला तेव्हा*

सुहासिनीबाईंचा हात माऊसवरच राहिला. रामरामाची गोष्ट त्यांनी नवऱ्याला सांगितली नव्हती. स्पृहानेही नव्हती. आजोबांना लागेल म्हणून. त्या संध्याकाळी दोघी इथेच बसून कुजबुजल्या होत्या आणि ते या दिवाणावर डोळे मिटून पडले होते. मिटून पडले आहेत असं त्यांनी धरलं होतं. पट्टीला कुजबुज आणि बोलणं यांतला फरक कळत नाही. तिने ती सगळी मोठ्या अक्षरांत लिहिली असणार.

*तेव्हा मी*

*नाही. असं नको.*

चावी सोडायला हवी होती. लाइन लागली होती, पहिला शब्द आला होता, पुढचं ऐकण्याचा ऑपरेटरला हक्क नव्हता. सुहासिनीबाईंनी मान खाली घातली आणि बांगडी सारखी केली. मग पुन्हा वर पाहिलं.

*नमस्कार. बसा. मला ऐकू*

बराच वेळ काही आलं नाही. मग एकदम सगळं वाक्य आलं.

*पट्टी लागली तर हे काही बोलावंच लागणार नाही.*

त्यांनी खूण बदलली.

"तपासणी," त्या हळूच म्हणाल्या. पट्टीत *तपासणी* उमटलं. ठसठशीत, काळ्यावर पांढरं.

चार दिवसांचा बिघाड निघाला होता. एरवी त्यांनी अभिषेकला फोन करून दोन शब्द ऐकवले असते. आता त्यांनी फोन उचलला नाही. त्यांना पीपी कॉल आठवत होते. साधा कॉल लावला की पलीकडे कोणीही उचलला तरी चालायचं. पीपी कॉलला ज्याचं नाव सांगितलं तोच माणूस फोनवर यावा लागायचा. मग दुकानातून पोरगं धावत जाई, शेतातून माणूस येई, इकडचा ताटकळत धरून बसे. ऑपरेटरने मधे घाई करायची नसे. आणि कधी कधी असंही व्हायचं. एखादा बापाशी भांडायला कॉल बुक करी, रागाने त्याचा आवाज कापत असे, तेव्हा लाइन मोकळी असूनही बोर्डावरची बाई म्हणे, लाइन मिळत नाही, थोड्या वेळाने पाहा. हे कुठल्या नियमात नव्हतं. प्रत्येक बोर्डावर होतं.

त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

खोलीचं दार उघडलं. चंद्रशेखरराव बाहेर आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, केस पाणी लावून बसवलेले, कानात काही नाही. त्यांनी काळ्या पडद्याकडे बोट केलं आणि बायकोच्या तोंडाकडे पाहिलं.

नेरच्या कोर्टात नवे वकील असताना ते यवतमाळला कॉल बुक करत. पक्षकारापेक्षा बोर्डावरच्या बाईशीच त्यांचं जास्त बोलणं होई. त्या बाईच्या तोंडचं एक वाक्य त्यांनी लग्नाआधी इतक्यांदा ऐकलं होतं, की आता कान नसले तरी ओठांवरून त्यांना ते ओळखता येई.

सुहासिनीबाईंनी चेहरा उजेडाकडे केला आणि सावकाश म्हटलं,

"लाइन मिळत नाही."

 ते मागे वळून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

पाहुणे वेळेवर आले. गाडी गल्लीत वळवायला रोशनला दोनदा पुढे-मागे करावं लागलं. स्पृहा फाटकाशी उभी होती, तोंडावर पदर नसूनही असल्यासारखी. आधी हंसाबाई उतरल्या. ठेंगण्या, ताठ, कानांवरून चांदीची घुगरी लोंबणारी. हातातली तुरीच्या शेंगांची पिशवी त्यांनी कोणाला घेऊ दिली नाही. मग राजकुमार आणि त्यांची बायको संगीता. राजकुमारांनी पांढरा शर्ट घातला होता आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. ते हात आज आधी पुढे येणार नाहीत हे सुहासिनीबाईंना फाटकातच दिसलं.

सगळे ठरल्या जागी बसले, टीव्हीकडे पाठ करून. स्पृहाने बंद पडद्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि पाणी आणायला निघून गेली. संगीताने घर छान आहे म्हटलं. सुहासिनीबाईंनी कापूस कसा आहे विचारलं. राजकुमार एका शब्दात उत्तर देत होते आणि समोरच्या रिकाम्या दिवाणाकडे बघत होते.

दार उघडलं.

चंद्रशेखरराव आले ते दिवाणाकडे वळलेच नाहीत. सरळ राजकुमारांसमोर जाऊन उभे राहिले. उजव्या कानात यंत्र होतं, विंचवाच्या पिलासारखं वाकडं, सगळ्यांना दिसेल असं. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"रामराम."

आवाज खोलीला मोठा झाला. राजकुमार उठायच्या आधीच बोललेला. ते गडबडून उभे राहिले आणि त्यांचे पाठीमागचे हात सुटे झाले.

चंद्रशेखररावांनी तोंड उघडलं. नमस्कार, बसा, प्रवास, असं जे काही रचलं होतं ते सगळं कुठे गेलं कोण जाणे. कोर्टात आणि घरात ते कधी बोलत नसत ते नेरचं लहानपणचं बोलणं त्यांच्या तोंडी आलं.

"मले आयकू येत नाही, राजकुमारभाऊ. चार-पाच वर्ष झाले. कोनाले सांगतलं नाही, लाज वाटे. त्या लग्नात तुमी रामराम केला असन. तो माह्यापर्यंत पोचलाच नाही. मी गेलो निंघून."

 स्वयंपाकघराच्या दारात स्पृहा पाण्याचा ट्रे धरून उभी होती. 

राजकुमार खाली बघत म्हणाले, "आमाले वाटलं..." आणि थांबले.

"काय म्हनता?" चंद्रशेखररावांनी कान पुढे केला.

राजकुमारांना ते पुन्हा म्हणता येईना. त्यांनी आईकडे पाहिलं. हंसाबाई सोफ्यावरून उठल्या, खोली ओलांडून दिवाणावर जाऊन बसल्या आणि शेजारच्या जागेवर हात आपटला. चंद्रशेखरराव जाऊन बसले. त्यांचा यंत्राचा कान कोणता ते पाहून हंसाबाईंनी बाजू बदलली आणि शेतातून हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या,

"आमच्या तांड्यात अर्धे म्हातारे बहिरेच हायेत. माह्या घरचा बुढा तर बहिरा बी हाय आन कबूल बी करत नाही. तुमी तरी केलं."

चंद्रशेखररावांना शब्द पोचायला क्षणभर लागला. मग ते हसले. मान हलवण्यापुरतं नेहमीचं हसू नव्हतं ते, खांदे हलले. संगीताने पदर तोंडाला लावला. राजकुमारही हसले, आधी जमिनीकडे बघून, मग वर बघून. हंसाबाई मुलाकडे वळून तांड्याच्या गोरबोलीत काहीतरी भरभर बोलल्या. सुहासिनीबाईंच्या कानावरून ती बोली बोर्डावर पुष्कळदा गेली होती. म्हातारी मुलाला म्हणत होती, मी सांगितलं नव्हतं का, माणसाचे डोळे वाईट नाहीत. सुहासिनीबाईंनी कळल्याचं दाखवलं नाही.

पदराखालून गुळाची पुडी निघाली. कागद सोडून हंसाबाईंनी खडा आधी चंद्रशेखररावांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो मोडला आणि अर्धा राजकुमारांपुढे धरला.

मग बशा आल्या. कोथिंबिरीची सांबारवडी गरम होती. राजकुमारांनी विचारलं की नेरला तुमचं घर कोण्या बाजूला होतं, आणि हंसाबाईंनी तो प्रश्न ओरडून पुढे पोचवला. त्या आता आपणहून मधल्या झाल्या होत्या. दोन्हीकडचं ऐकायच्या, हवं ते पोचवायच्या, नको ते गाळायच्या. त्यांचा हात चांगला आहे असं सुहासिनीबाईंना वाटलं.

रोशनचं लक्ष टेबलावरच्या माइककडे गेलं आणि त्याने सुहासिनीबाईंना विचारलं,

"हे काय आहे, आजी?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्पृहाने त्याला पट्टीचं सगळं सांगितलं. अपडेट आल्यापासून बंद आहे, आजी चार दिवस लागली आहे, बाबांनीही फोनवरून पाहिलं, काही होत नाही.

"मी बघू का?" रोशन म्हणाला आणि त्याने रिमोट दाबला.

पडदा उजळला. तळाशी पट्टी आली आणि पट्टीत स्वच्छ अक्षरं,

*हे सुरू आहे की.*

ते त्यानेच म्हटलं होतं. स्पृहा बघत राहिली. हंसाबाई मागे वळल्या आणि हे टीव्हीत कोण लिहून राह्यलं म्हणून विचारलं. पट्टीने त्यांच्या वऱ्हाडीचं काहीतरी भलतंच करून टाकलं आणि सगळे पुन्हा हसले.

चंद्रशेखरराव हसले नाहीत. ते पट्टी वाचत होते. मग त्यांनी टेबलावरच्या माइककडे पाहिलं, आपल्या खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं, आणि शेवटी बायकोकडे. सुहासिनीबाई संगीताच्या बशीत वडी वाढत होत्या.

"कधी लागली?" त्यांनी विचारलं.

सुहासिनीबाईंनी चमचा खाली ठेवला आणि चेहरा उजेडाकडे केला.

"आत्ताच."

तो शब्द पट्टीतही उमटला. चंद्रशेखररावांनी तो वाचला. एका शब्दाला लागावा त्याहून जास्त वेळ ते तिकडे बघत होते. मग त्यांनी रोशनच्या हातातून रिमोट घेतला, पडदा बंद केला आणि यंत्राचा कान हंसाबाईंकडे वळवला.

"हं," ते म्हणाले. "तुमच्या बुढ्याचं काय सांगत होत्या?"